नकाशाचं बिऱ्हाड हलवताना

जबलपूरला 'बावन ताल-तलैयांचं शहर' म्हणायची जुनी पद्धत आहे. ते बावन मोजायला बसलात तर लवकरच पंचाईत होते. हनुमानतालात पाणी आहे, अधारतालात आहे, बाजनामठाजवळच्या संग्रामसागरातही आहे. पण राणीताल म्हटलं की आज लोकांना स्टेडियम आठवतं, भंवरताल म्हटलं की बाग आणि चेरीताल म्हटलं की वस्ती. मढ़ातालात तर दिवसभर वाहनांची गर्दी. तिथे कधी पाणी होतं हे फक्त नावावरून कळतं. ताल गेले, नावं उरली.

या तालांचा एक मराठी नकाशा करावा म्हणून मी बसलो, तेव्हा संगणकात नेमकं उलटं घडताना पाहिलं. एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात माहिती नेली की तालांचे आकार जसेच्या तसे पोचायचे आणि नावं वाटेत गळायची. कधी नावं पोचायची, पण अख्खा ताल शेजारच्या गल्लीत सरकलेला असायचा. दोन्ही नीट आले तर रंग गेलेले. यातलं एकही दुखणं मोठं नव्हतं. सगळी टाळता येण्यासारखी होती, फक्त आधी ठाऊक असायला हवी होती.

हा लेख त्यासाठीच आहे. क्यूजीआयएस, ग्रास, इंकस्केप ही मुक्त सॉफ्टवेअर वापरून गावाचा, वॉर्डाचा, देवस्थानाचा किंवा ट्रेकचा नकाशा करणाऱ्यांसाठी. उदाहरणं जबलपूरची आहेत. तुम्ही त्या जागी सांगली घाला, नाहीतर बेळगाव.

काय काय हलवायचं असतं

घर बदलताना पलंग-कपाट टेम्पोत चढवणं सगळ्यांना जमतं. विसरतात ती गॅसची कागदपत्रं, किल्ल्यांचा जुडगा आणि कुठल्या खोक्यात काय आहे त्याची यादी. नकाशाचंही तसंच आहे. आकार म्हणजे बिंदू, रेषा आणि क्षेत्रं; ते सहज हलतात. त्यांच्याबरोबर आणखी चार गोष्टी जाव्या लागतात: जागा (हे आकडे पृथ्वीवर कुठले आहेत), अक्षरं (नावं आणि इतर नोंदी), रूप (रंग, जाडी, चिन्हं) आणि परवानगी (ही माहिती कुणाची, कोणत्या अटीवर घेतली). प्रत्येक स्थलांतरात या चारपैकी एखादी मागे राहते. म्हणून फाइल कुठेही पाठवण्याआधी चौघींची नावं घेऊन हजेरी घ्यायची सवय लावावी.

हे सगळं इतकं वेगवेगळं का वागतं, त्याला इतिहास आहे. ग्रासचं काम १९८२ साली अमेरिकी लष्कराच्या बांधकाम-संशोधन प्रयोगशाळेत सुरू झालं. क्यूजीआयएस २००२ मध्ये गॅरी शर्मन यांनी सुरू केलं. इंकस्केप तर नकाशाचं सॉफ्टवेअरच नव्हे, ते चित्र काढायचं साधन. तिन्ही घरांच्या चालीरीती निराळ्या. ग्रास आणि क्यूजीआयएस यांच्यात ये-जा होते ती जीडाल या हमालाच्या खांद्यावरून. फ्रँक वॉर्मरडॅम यांनी १९९८ मध्ये लिहायला घेतलेली ही प्रोग्रॅम-लायब्ररी कितीतरी सॉफ्टवेअरच्या पोटात असते. हमाल इमानी आहे, पण तुम्ही सांगाल तेवढंच उचलतो.

पहिली: जागा

जबलपूरला एक भौगोलिक खोड आहे. ८० अंश पूर्व रेखांश शहराच्या पूर्व अंगाला चाटून जातो. ग्वारीघाट आणि भेडाघाट त्याच्या पश्चिमेला पडतात, डुमना विमानतळ पूर्वेला. जुन्या पद्धतीच्या टोपोशीटमध्ये याच रेषेवर एक शीट संपतं आणि दुसरं सुरू होतं: मुख्य शहर ५५ एम/१६ मध्ये, पूर्वेकडचा भाग ६४ ए/४ मध्ये. उंचीची माहिती देणाऱ्या एसआरटीएमच्या चौकोनांचंही तेच; एक तुकडा ७९ अंशांचा, दुसरा ८० अंशांचा. म्हणजे पूर्ण शहर हवं तर जोडकाम आलंच. दोन तुकडे वेगवेगळे सुधारत बसू नका. क्यूजीआयएसच्या रास्टर मेनूत 'बिल्ड व्हर्च्युअल रास्टर' आहे, त्याने आधी एकत्र करा आणि मगच पुढची प्रक्रिया चालवा. नाहीतर ८० अंशांच्या रेषेवर सावलीची एक सरळ चीर उठते आणि वाचक विचारतो, इथे कालवा आहे का?

आता आकडे कुठल्या पद्धतीत ठेवायचे? मोबाइलवरून आलेला जीपीएक्स माग आणि ओपनस्ट्रीटमॅपची माहिती अंशांत असते, म्हणजे डब्ल्यूजीएस-८४ मध्ये. अशा पद्धतींच्या ईपीएसजी यादीत तिचा क्रमांक ४३२६. अंशांत साठवायला हरकत नाही, पण मोजमाप अंशांत करू नये. जबलपूरच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश साधारण १०२ किलोमीटर भरतो आणि अक्षांशाचा जवळजवळ १११. दोन्ही दिशांच्या फूटपट्ट्याच वेगळ्या. कामासाठी मीटरमध्ये मोजणारी यूटीएम पद्धत घ्यावी. जबलपूर ७८ ते ८४ अंशांच्या ४४ व्या पट्ट्यात येतं, क्रमांक ३२६४४. मुंबई-पुणे-नाशिक ४३ व्या पट्ट्यात, नागपूर मात्र आमच्याबरोबर ४४ मध्ये.

इंटरनेटवरचे नकाशे ज्यात दिसतात त्या वेब मर्केटरमध्ये, म्हणजे ३८५७ मध्ये, क्षेत्रफळ मोजू नका. जबलपूरच्या अक्षांशावर त्यात क्षेत्रफळ सुमारे १८ टक्के फुगतं. १० हेक्टरचा ताल पावणेबारा हेक्टरचा दिसतो, आणि अतिक्रमणाच्या वादात तुम्ही असा आकडा दिलात तर पुढचं बोलायची सोय राहत नाही. यूटीएममध्ये इथली चूक हेक्टरी जेमतेम पाच चौरस मीटर. क्यूजीआयएसमधली आणखी एक गंमत लक्षात ठेवा: डॉलरचं चिन्ह लावलेलं 'एरिया' हे चलपद प्रकल्पात निवडलेल्या लंबगोलावर मोजतं, तर कंस असलेलं 'एरिया' फंक्शन कागद सपाट धरून मोजतं. एकाच तालाची दोन क्षेत्रफळं आली, तर गोंधळ तालाचा नसून या दोघांचा असतो.

सगळ्यात जास्त लोक फसतात ती जागा पुढची. क्यूजीआयएसमध्ये स्तरावर उजवं बटण दाबून 'सेट सीआरएस' केलं (सीआरएस म्हणजे हीच जागेची पद्धत) की फक्त दारावरची पाटी बदलते. आत राहणारे आकडे तेच. 'एक्स्पोर्ट' करताना नवी पद्धत निवडली किंवा 'रीप्रोजेक्ट लेयर' चालवलं, तर खरोखर घर बदलतं, आकडे नव्याने मोजले जातात. पाटी चुकलेली असेल तरच पाटी बदला. पाटी बरोबर आहे आणि नुसतं दुसऱ्या पद्धतीत न्यायचं आहे, तर घर बदला. हे दोन उलटेपालटे झाले की जबलपूर हिंदी महासागरात सापडतं.

उत्तर ध्रुवाकडेही सापडतं. जबलपूर साधारण २३.१७ उत्तर, ७९.९५ पूर्व. आपण बोलताना अक्षांश आधी म्हणतो. पण जिओजेसन ही फाइल २०१६ च्या मानकाप्रमाणे रेखांश आधी लिहिते. एखाद्या तक्त्यातून बिंदू आणताना एक्सच्या जागी अक्षांश घातला की मढ़ाताल नॉर्वेच्या स्वालबार द्वीपसमूहाच्या आसपास, बर्फात जाऊन पडतो. तुमचे बिंदू दिसेनासे झाले तर नकाशा लहान करून उत्तरेला पाहा. तिथे असतील, तर रकाने अदलाबदल झाले एवढंच. फार जिवाला लावून घेऊ नका.

जुन्या कागदाचं गणित

तालांच्या नकाशाची खरी मजा जुन्या टोपोशीटमध्ये आहे, कारण आज बुजलेलं पाणी तिथे निळं असतं. सर्व्हे ऑफ इंडियाचं मध्य प्रदेशचं भू-स्थानिक माहिती केंद्र जबलपुरातच आहे, आणि २००५ च्या नकाशा धोरणानंतरची १:५०,००० ची ओपन सिरीज शीट्स संस्थेच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. ही नवी शीट्स डब्ल्यूजीएस-८४ आणि यूटीएमवर आहेत. त्यांचे क्रमांकही निराळे; आमच्या भागातले एफ-४४ ने सुरू होतात.

जुनी शीट्स मात्र एव्हरेस्टच्या लंबगोलावरची. जॉर्ज एव्हरेस्ट यांनी १८३० मध्ये ठरवलेली ही आकडेवारी भारतात शतकाहून जास्त काळ चालली, आणि तिचा आरंभबिंदू आमच्याच मध्य प्रदेशात, सिरोंजजवळच्या कल्याणपूरला आहे. या शीटच्या कोपऱ्यांवर छापलेले अंश-कला जर तुम्ही थेट ४३२६ समजून भरलेत, तर जबलपूरच्या परिसरात सगळं दीडशे मीटरहून जास्त सरकतं. कागदावर ते जेमतेम तीन मिलिमीटर. पण जुन्या शहरात दीडशे मीटर म्हणजे दोन गल्ल्या. हनुमानतालाचा काठ लोकांच्या ओसरीत शिरतो.

इलाज सोपा आहे. क्यूजीआयएसच्या जिओरेफरन्सरमध्ये कोपरे भरताना लक्ष्य पद्धत 'कल्याणपूर १९७५' घ्या, क्रमांक ४१४६. त्या पद्धतीत नकाशा बसवा आणि मग सगळा नकाशा ३२६४४ मध्ये आणा. रूपांतराच्या वेळी क्यूजीआयएस कधीकधी दोन-तीन पर्याय पुढे करतं. त्यांतला भारतासाठी दिलेला पर्याय निवडा आणि कुठला निवडला ते लिहून ठेवा. खात्री करायला जुन्या शीटवर असलेली आणि आजही न हललेली खूण शोधा: मदनमहालचा किल्ला आहे, रेल्वेचे जुने पूल आहेत. तालाचा काठ खूण म्हणून कधी घेऊ नये. जे बदललं ते मोजायला निघालो, आणि त्यालाच फूटपट्टी धरलं, असं होतं.

दुसरी: अक्षरं

मराठी माणसाच्या नकाशाला खरी झळ इथे बसते.

शेपफाइल हे नाव एकवचनी असलं, तरी ती एक फाइल नसते. एसएचपीत आकार, डीबीएफमध्ये तक्ता, एसएचएक्समध्ये कुठला आकार कुठे आहे त्याची सूची, पीआरजेमध्ये जागेची पाटी आणि सीपीजीत अक्षरांची पद्धत. ईमेलने 'फक्त एसएचपी पाठवतो' म्हणणारा माणूस तुम्हाला बिनदाराचं कपाट पाठवत असतो. त्यातून सीपीजी राहिली की देवनागरीचं विचित्र काहीतरी होतं: प्रत्येक अक्षराच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला लहान रोमन 'ए' आणि त्याला चिकटून काटे फुटलेलं छोटं वर्तुळ किंवा दुसरं एखादं चलनाचं चिन्ह. असं दिसलं तर घाबरू नका, माहिती मेलेली नाही. स्तराच्या गुणधर्मांत 'सोर्स'खाली अक्षरपद्धत यूटीएफ-८ करा. नावं परत येतात. मात्र या विद्रूप अवस्थेतच कुणी फाइल पुन्हा सेव्ह केली असेल, तर ती विद्रूपता पक्की होते. म्हणून आधी दुरुस्ती, मग सेव्ह.

शेपफाइलची दुसरी अडचण जागेची. रकान्याच्या नावाला तिथे दहा बाइट मिळतात आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला, म्हणजे अक्षराला आणि मात्रेलाही, तीन बाइट लागतात. तीन चिन्हांत मावेल असं काय आहे? 'ताल' मावतो: त, काना, ल, नऊ बाइट. 'तालाचं नाव' नाही मावत. मजकुराच्या रकान्यालाही २५४ बाइटचीच मर्यादा, म्हणजे देवनागरीत चौऱ्यांशी चिन्हं. 'गोंड काळात खोदलेला, पुढे बुजवून त्यावर वस्ती झाली' एवढी टीप मावते, पण अशी दोन-तीन वाक्यं लिहायला गेलात की मजकूर मध्येच तुटतो, आणि सॉफ्टवेअर फारसं ओरडतही नाही.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे: स्वतःच्या घरातलं काम जिओपॅकेजमध्ये करा. हे २०१४ पासूनचं, ओजीसी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं मानक. एकाच फाइलमध्ये अनेक स्तर, लांब नावं, देवनागरी आणि शैलीसुद्धा राहते. शेपफाइल समोरच्याने मागितली तरच द्या आणि देताना सगळी भावंडं एका झिपमध्ये बांधा.

जिओपॅकेजचीही एक खोड आहे. ती मी स्वतः भोगली. संध्याकाळभर बसून वीसेक तालांच्या नोंदी केल्या, क्यूजीआयएस उघडंच ठेवलं आणि फाइल पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या संगणकाकडे गेलो. तिथे शेवटच्या नोंदी गायब. फाइल उघडी असताना ताज्या नोंदी शेजारच्या 'डब्ल्यूएएल' अशा शेपटाच्या फाइलमध्ये असतात आणि मी ती मागेच ठेवली होती. तेव्हापासून नियम: आधी क्यूजीआयएस बंद, शेजारच्या अशा छोट्या फाइली नाहीशा झाल्याची खात्री, मगच कॉपी. आपोआप सिंक होणाऱ्या ढगातल्या फोल्डरमध्ये उघडं जिओपॅकेज ठेवून दोघांनी एकदम काम करणं म्हणजे एका ताटात भांडण. अनेकांचं काम असेल तर पोस्टजीआयएससारखा सामाईक डेटाबेस बसवावा.

आता नुक्ता. जबलपुरातली निम्मी नावं हिंदी पाटीवरून येतात: मढ़ाताल, गढ़ा, बड़ा फुहारा. हे 'ढ़' युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतं. एक, अख्खं अक्षर एकाच संकेतांकाचं. दोन, साधा 'ढ' आणि त्यामागे वेगळा नुक्ता. डोळ्याला दोन्ही सारखे. पण एका तक्त्यात पहिला प्रकार आणि दुसऱ्यात दुसरा असला, तर नावावरून जोडणी करताना मढ़ाताल जुळतच नाही, आणि मराठीत कुणी नुक्ता न देता 'मढाताल' लिहिलं असेल तर तिसराच. त्यात जुन्या इंग्रजी शीटवरचं 'जब्बलपोर' थाटाचं स्पेलिंग घाला. हे शहर १७८१ मध्ये गोंडांकडून मराठ्यांकडे आणि १८१७ मध्ये इंग्रजांकडे गेलं. नावांवर प्रत्येकाचा हात फिरला आहे. उपाय एकच: नावावरून जोडणी करूच नये. प्रत्येक तालाला साधा क्रमांक द्या, टी-०१, टी-०२, आणि सगळे तक्ते त्या क्रमांकावर जोडा. नावं फक्त वाचायला.

ओपनस्ट्रीटमॅपमधून माहिती आणताना मराठी नावं असली तरी दिसत नाहीत अशी तक्रार बरेच जण करतात. तिथे एका जागेला 'नेम', 'नेम-अपूर्णविराम-एचआय', 'नेम-अपूर्णविराम-एमआर' असे वेगळे टॅग असतात. ओपनस्ट्रीटमॅपची पीबीएफ फाइल सरळ उघडली तर मुख्य मोजके टॅग स्वतंत्र रकान्यात येतात आणि बाकीचे 'अदर टॅग्ज' नावाच्या एका गाठोड्यात बांधलेले असतात. मराठी नाव त्या गाठोड्यात असतं. 'एचस्टोअर टू मॅप' या फंक्शनने गाठोडं सोडता येतं. त्यापेक्षा सोपं म्हणजे क्विकओएसएम हे प्लगइन, ते प्रत्येक टॅगला वेगळा रकाना देतं. मग लेबलच्या जागी 'कोअलेस' वापरा: मराठी नाव असेल तर ते, नसेल तर हिंदी, तेही नसेल तर मूळ. नकाशावर एकही ताल बिननावाचा राहत नाही. हाच स्तर पुढे ग्रासमध्ये नेला की रकान्याच्या नावातल्या अपूर्णविरामाची खालची रेघ होते, कारण ग्रासच्या तक्त्यांना तो चालत नाही. परत आणल्यावर लेबलं रिकामी दिसली, तर कारण हे असतं.

ग्रासच्या घरातले नियम

ग्रासकडे जायचं कारण बहुतेक वेळा पाण्याचं असतं: पाणलोट, उतार, ओढ्यांच्या वाटा. बुजलेला ताल पावसाळ्यात पुन्हा का भरतो, हे उंचीच्या माहितीवर पाणलोट काढला की दिसू लागतं. फक्त घराचे तीन नियम पाळावे लागतात.

पहिला, ग्रासच्या एका प्रकल्पात जागेची एकच पद्धत चालते. पूर्वी या प्रकल्पाला 'लोकेशन' म्हणत, आता ८.४ पासून 'प्रोजेक्ट' म्हणतात. तो ३२६४४ मध्ये उघडा आणि माहिती 'व्ही-इम्पोर्ट', 'आर-इम्पोर्ट' या आज्ञांनी आणा. त्या येता येताच रूपांतर करतात. उंचीचं रास्टर रूपांतरित करताना 'नियरेस्ट' पद्धत घेऊ नका, 'बायलिनिअर' घ्या. नाहीतर डोंगराच्या सावलीवर कॉर्डुरॉयसारखे पट्टे उठतात. जमीन-वापरासारख्या वर्गवारीच्या रास्टरला मात्र 'नियरेस्ट'च हवं, कारण शेत आणि पाणी यांची सरासरी काढून काही मिळत नाही. आणि क्यूजीआयएसमध्ये अंशांतल्या रास्टरवर थेट उतार काढायला जाऊ नये. उंची मीटरमध्ये आणि अंतर अंशांत असलं की मदनमहालची टेकडी हिमालय होते.

दुसरा नियम सीमांचा. शेपफाइलमध्ये शेजारच्या दोन वॉर्डांची सामाईक हद्द दोनदा काढलेली असते. ग्रासमध्ये ती एकदाच असते. त्यामुळे आयात करताना बारीक फटी आणि एकमेकांवर चढलेले तुकडे उघडे पडतात. ते जुळवायला 'स्नॅप'चं अंतर देता येतं, पण ते प्रकल्पाच्या एककात असतं. यूटीएममध्ये १ म्हणजे एक मीटर. अंशांच्या प्रकल्पात तेच १ म्हणजे एक अंश, शंभर किलोमीटर! जबलपूर, कटनी, नरसिंहपूर सगळे एका गाठीत.

तिसरा नियम 'रीजन'चा. ग्रासमधून रास्टर बाहेर काढताना ते सध्या ठरलेल्या रीजनपुरतं आणि त्याच बारकाईने बाहेर येतं. मागच्या कामात रीजन फक्त हनुमानतालापुरतं ठेवलं असेल, तर आज अख्ख्या शहराचं रास्टर काढलं तरी हातात हनुमानतालच येतो. बाहेर काढण्याआधी रीजन त्या रास्टरला जुळवून घ्या.

तिसरी: रूप

रंग, रेषेची जाडी, लेबलांची मांडणी हे आपोआप फाइलमध्ये जात नाही, क्यूजीआयएसच्या प्रकल्पात असतं. मित्राला स्तर पाठवला की त्याच्याकडे ताल जांभळे दिसतात ते यामुळे. प्रोसेसिंगमधलं 'पॅकेज लेयर्स' वापरलं आणि शैलीचा पर्याय ठेवला, तर रूपही जिओपॅकेजमध्येच बसतं. क्यूजीआयएसहून क्यूजीआयएसकडे जायचं तर क्यूएमएल शैली सगळं नेते. दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे जायचं तर एसएलडी हे सामाईक मानक आहे; पण त्यात साधे रंग, जाड्या आणि वर्गवारी जाते, मिश्रणाच्या करामती आणि सूत्रांवर चालणारी चिन्हं बहुधा गळतात. म्हणून जो नकाशा फिरणार आहे त्याचं रूप मुद्दाम साधं ठेवा. मंदिरासाठी स्वतः काढलेलं एसव्हीजी चिन्ह वापरलं असेल, तर ते 'एम्बेड' करा. नाहीतर पलीकडे मंदिराच्या जागी प्रश्नचिन्ह उभं राहतं.

छपाईसाठी शेवटचा हात इंकस्केपमध्ये फिरवतात. लेबल एखाद्या नाल्यावरून बाजूला सरकवायचं, नर्मदेला वळणाबरोबर नाव लिहायचं, चौकट सजवायची. हा रस्ता एकेरी आहे. एसव्हीजीत अक्षांश-रेखांश नसतात, नुसते पानावरचे मिलिमीटर असतात. इंकस्केपमध्ये एखादा ताल 'दुरुस्त' केलात, तर ती दुरुस्ती परत मूळ माहितीत जाणार नाही. तेव्हा भूगोलाची प्रत्येक चूक क्यूजीआयएसमध्येच संपवा आणि इंकस्केपकडे फक्त सौंदर्य सोपवा. पानाचा आकार, प्रमाण आणि नकाशाची चौकट लेआउटमध्ये पक्की करून ठेवा. मग उद्या एक ताल वाढला तर नवी निर्यात जुन्या सजावटीखाली बरोबर त्याच जागी बसते.

एसव्हीजी काढताना दोन खुणा पाहा. 'स्तरांचे वेगळे गट' हा पर्याय निवडला तर इंकस्केपमध्ये रस्ते, पाणी, नावं सुटी सुटी मिळतात. दुसरी खूण मजकुराची. 'मजकूर रेषा म्हणून' निवडला तर देवनागरीची जोडाक्षरं जशी दिसली तशीच गोठतात. कुठल्याही संगणकावर, कुठल्याही छापखान्यात 'ग्वारीघाट' मोडत नाही. पण मग ऱ्हस्व-दीर्घ सुधारता येत नाही. 'मजकूर म्हणून' निवडला तर सुधारता येतो, मात्र समोरच्या संगणकावर तोच फॉन्ट हवा. मी दोन्ही काढतो: मुद्रितशोधनापर्यंत मजकूर, छापखान्याला रेषा. फॉन्ट 'नोटो सान्स देवनागरी' किंवा 'मुक्त' यांसारखा मुक्त परवान्याचा घ्यावा, म्हणजे फाइलबरोबर तोही बिनधास्त देता येतो. डोंगराची सावली आणि पारदर्शक थर वेगळ्या चित्रात काढा. ते एकत्र ठेवले तर कधीकधी अख्खा नकाशाच एका पसरट चित्रात बदलतो आणि इंकस्केपमध्ये हात लावायला काही उरत नाही.

चौथी: परवानगी

ही सगळ्यात हलकी वस्तू, म्हणून सगळ्यात आधी हरवते. ओपनस्ट्रीटमॅपची माहिती ओडीबीएल परवान्याखाली मिळते. नकाशावर त्या योगदानकर्त्यांचं श्रेय छापणं ही अट आहे, आणि त्या माहितीत भर घालून तयार केलेला डेटाबेस तुम्ही जाहीरपणे दिलात तर तोही त्याच परवान्याखाली द्यावा लागतो. उलट दिशेने जाताना जास्त सांभाळा: एखाद्या व्यापारी नकाशावर बघून काढलेला ताल ओपनस्ट्रीटमॅपमध्ये भरायचा नाही.

सरकारी माहितीबाबत १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय व्यक्ती आणि संस्थांसाठी बरीच मोकळीक दिली. तरी प्रत्येक स्रोताच्या स्वतःच्या अटी असतातच. आणि नकाशात देशाची सीमा येत असेल, तर ती सर्व्हे ऑफ इंडियाच्या सीमेशी जुळलीच पाहिजे. तालांच्या नकाशाच्या कोपऱ्यात 'भारतात जबलपूर कुठे' असा छोटा नकाशा टाकताना हे हमखास विसरलं जातं.

हे सगळं लक्षात कोण ठेवणार? क्यूजीआयएसमध्ये प्रत्येक स्तराला 'मेटाडेटा'चं पान आहे आणि ते जिओपॅकेजबरोबर प्रवास करू शकतं. ते भरायचा कंटाळा असेल तर फोल्डरमध्ये साधी मजकूर फाइल ठेवा: स्रोत कोणता, कधी उतरवला, परवाना काय, मूळ पद्धत कुठली, रूपांतर कसं केलं. पाच ओळी. सहा महिन्यांनी तुम्हीच त्या वाचाल.

पोचल्यावर

नव्या घरी सामान उतरलं की आधी यादीशी ताडून पाहतात, चहा नंतर. नकाशाच्या प्रत्येक स्थलांतरानंतर पाच मिनिटांत एवढं करा:

१. संख्या मोजा. निघताना तालांच्या ४० नोंदी होत्या, तर पोचल्यावर ४०च हव्यात. एक बहुखंडी आकार फुटून दोन झाला असेल, तर तेही इथेच कळतं.

२. ओळखीची एक जागा तपासा. मी मदनमहालचा किल्ला घेतो. तुमच्या गावातली न हललेली खूण निवडा, तिचे अक्षांश-रेखांश चिठ्ठीवर लिहा आणि दर वेळी तिथेच बोट ठेवा.

३. एका आकाराचं क्षेत्रफळ दोन्हीकडे मोजा. १८ टक्क्यांच्या आसपास फरक आला, तर वेब मर्केटर कुठेतरी शिरला आहे.

४. कसोटीचा एक शब्द वाचा. माझा 'मढ़ाताल' आहे. त्यात नुक्ता आहे, काने आहेत आणि नुक्ता वेगळा लिहिला तर तो युनिकोडच्या सात चिन्हांचा आहे. तो नीट उमटला, शोधल्यावर सापडला आणि कापला गेला नाही, तर बाकीची नावंही सुखरूप असतात.

५. मूळ फाइल जपा. ती 'मूळ' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवून फक्त-वाचनासाठी करा. पुढची प्रत्येक प्रत तारखेसह.

मढ़ातालातलं पाणी परत आणणं नकाशा करणाऱ्याच्या हातात नाही. ते कुठे होतं, केवढं होतं आणि लोक त्याला काय म्हणत होते, एवढं तीन सॉफ्टवेअर फिरूनही न गळता छापील पानावर आणणं मात्र आहे. आमच्या नकाशात मढ़ाताल निळ्या तुटक रेषेने दाखवला आहे, आत पांढरं, आणि त्यावर नाव. नुक्त्यासकट.